दोन बोटांवरचं विमान

आधी माफी मागतो. मराठीत काही लिहावं इतकी माझी तयारी नाही. मी हिंदी शाळेत शिकलो. मराठी घरात ऐकली, आणि वाचली ती फक्त गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तकात. माझे वडील जळगावकडून देवासला कारखान्यात पॅकिंगच्या कामावर आले आणि इथलेच झाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. राजोपाध्ये मॅडमवर खरं तर कुणी जाणत्या माणसानं लिहायला हवं होतं. मी वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही.

लिहिलं ते कॉलेजच्या वार्षिक अंकानं, हिंदीत, शेवटून दुसऱ्या पानावर. त्याचा अर्थ असा: 'वर्कशॉप सहायिका श्रीमती राजोपाध्ये यांच्या अकुशल हाताळणीमुळे विमानाचे मॉडेल नष्ट झाले. सुदैवाने कोणीही जखमी झाले नाही.' या दोन वाक्यांत खरं एवढंच आहे, विमान मोडलं आणि कुणी जखमी झालं नाही. बाकी सगळं खोटं. श्रीमतीसुद्धा खोटं, मॅडमनी लग्न केलं नव्हतं. ज्या माणसानं वीस वर्षं आपल्या वर्कशॉपमध्ये काम केलं त्याच्याबद्दल दोन वाक्यं लिहायची, आणि तीही न विचारता. म्हणून मी लिहितो आहे. चुका माझ्या आहेत असं समजावं.

मॅडम प्रोफेसर नव्हत्या. लॅब असिस्टंट होत्या. वय सत्तावन्न, उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, तिच्यावर खाकी एप्रन, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. आधी एरंडेलाचा वास यायचा, मग मॅडम यायच्या. छोट्या विमानांना जे ग्लो इंजिन बसवतात ते मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणावर चालतं, आणि चालताना जळकं तेल मागे फवारतं. तो वास त्यांच्या साडीतून कधी गेला नाही. पोरं त्यांना मागून 'जुलाब मॅडम' म्हणायची. पहिल्या वर्षी मीही म्हटलं आहे.

घर त्यांचं धारचं. संस्थानाच्या काळापासून देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे. आठवडाभर त्या देवासला एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी इंदूरवरून बस बदलून धारला जायच्या. विमानं बनवायला त्या तरुणपणी एनसीसीच्या हवाई शाखेत शिकल्या. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक लांब टेबल त्यांनी अडवून ठेवलं होतं. तिथे कॉलेज सुटल्यावर आम्ही सात-आठ जण बाल्साच्या लाकडाची विमानं बनवायला शिकायचो. ती रेडिओनं, म्हणजे जमिनीवरून हातातल्या ट्रान्समीटरनं उडवायची.

मॅडम कायम रागावलेल्या असायच्या. बोथट ब्लेडवर राग, जास्त गोंदावर राग, लाकडाचा भुसा फुंकर मारून उडवणाऱ्यावर राग. 'चल जाएगा' म्हणणाऱ्यावर तर फारच. हिंदीत बोलायच्या तेव्हा नुसत्या ओरडायच्या. मराठीत बोलायला लागल्या की समजायचं, आता खरं रागावल्या.

माझं आडनाव महाजन. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "महाजन म्हणजे खानदेशातला ना? मग हिंदीत काय बोलतोस?"

"मॅडम, वो आदत..."

"आदत काय? बोल मराठीत."

म्हणजे माझ्यावर त्या पहिल्या दिवसापासून मराठीतच रागावल्या. माझा मित्र निखिल माळव्याच्या बोलीत म्हणायचा, "भिया, तेरे को तो स्पेशल डाँट पड़ती है."

बाल्सा हे लाकूड इतकं हलकं की पट्टी हातात घेतली तरी आपण काही धरलंय असं वाटत नाही. पंखाच्या आत त्याच्या फासळ्या असतात, एकसारख्या कापलेल्या, आणि त्या एका दांड्यावर ओवून चिकटवायच्या असतात. टेबलावर मॅडमनी सोनाराचा जुना तराजू ठेवला होता. प्रत्येक फासळी त्यात जायची. डावीकडची आणि उजवीकडची सारख्या वजनाची असायलाच हवी. मी माझा पहिला पंख अकरा दिवस केला. मॅडमनी दोन्ही बाजू वेगवेगळ्या तोलल्या. डावी नऊ ग्रॅम जास्त भरली.

"हे काय?"

"मॅडम, तिकडे गोंद जरा जास्त लावला. मजबूत व्हावा म्हणून."

"मजबूत? तुला पूल बांधायचाय का नर्मदेवर?"

आणि त्यांनी तो पंख गुडघ्यावर ठेवून मोडला. काट्कन आवाज झाला. सगळ्यांच्या समोर. तुकडे एका पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी सायकल स्टँडवर जाऊन रडलो. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेलो. माझ्या जागेवर बाल्साच्या नव्या पट्ट्या होत्या. एकेक तोलून जोड्या लावलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं बारीक 'म'. त्या इतक्या पट्ट्या तोलायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. मॅडम माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. लेथवर कुणाला तरी ओरडत होत्या.

इंजिन चालू करताना त्या आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघायला सांगायच्या. त्या बोटाला नख नव्हतं. पूर्वी कधी तरी विमानाच्या नाकावरच्या पंख्यानं नेलं होतं. तेव्हापासून त्या सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या लाटण्याच्या तुकड्यानं पंखा फिरवायच्या. पंखा फिरत असताना त्याच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही हा नियम. एकदा कॉलेजचा फोटोग्राफर आला. तीनदा सांगूनही तो कॅमेरा घेऊन बाजूलाच वाकला होता. मॅडमनी डब्यातली काकडी काढली, त्याच्या खांद्यावरून हात लांब केला आणि काकडी पंख्यात धरली. त्याच्या शर्टावर, चष्म्यावर, दाढीवर काकडी.

"ये आपकी उँगली थी," मॅडम म्हणाल्या. "अब पीछे से फोटो लो."

पण मॅडमचं सगळ्यात महत्त्वाचं काम याच्यानंतर यायचं, किंवा आधी, किंवा दोन्ही वेळा. विमानाच्या पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका असतो. त्या दोन ठिपक्यांखाली दोन बोटं लावून विमान उचलायचं. ते सरळ राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर ते विमान उडवायचं नाही. शेपटी जड असलेलं विमान वर जातं, पण मग आपलं ऐकत नाही. मॅडम प्रत्येक उड्डाणाआधी हा तोल बघायच्या. जेवायला थांबलो तर जेवल्यावर परत. बॅटरी हलवली तर परत. निखिलनं एकदा विचारलं, "मॅडम, अभी तो देखा था."

"मध्ये तू शिंकलास," मॅडम म्हणाल्या आणि परत बोटं लावली.

हे काम त्यांनी कुणालाच करू दिलं नाही. का, ते मला त्यांच्या भावाकडून कळलं. दिवाळीनंतर एका रविवारी त्यांनी मला आणि निखिलला धारला बोलावलं होतं, पंखावर प्लास्टिकची फिल्म चढवायला. ती फिल्म गरम इस्त्रीनं ताणून बसवावी लागते. त्यांचे मोठे भाऊ, ज्यांना त्या दादासाहेब म्हणायच्या, ओसरीवर बसून आमच्याकडे बघत होते. त्यांची मराठी मला अर्धीच कळायची, पूजेतल्यासारखी.

"आमच्या शरयूस हा राग लहानपणापासून," ते म्हणाले. "तीर्थरूपही घाबरत तिजला."

मग त्यांनी सांगितलं की एनसीसीत मॅडमचं विमान साऱ्या शिबिरात पहिलं आलं होतं. पुढच्या मोठ्या शिबिराला विमान गेलं, मॅडम गेल्या नाहीत. मुलगी म्हणून त्यांच्याऐवजी एक मुलगा पाठवला. विमान परत आलं ते गोणीत. "तेव्हापासून ती आपली वस्तू दुसऱ्याच्या भरवशावर सोडीत नाही."

"दादासाहेब, पुरे. इस्त्री थंड होते आहे," आतून मॅडमचा आवाज आला.

आता त्या दिवसाचं लिहितो. इथपर्यंत लिहिताना मी हळूहळू लिहीत होतो, कारण पुढचं लिहायचं नव्हतं.

कॉलेजचा तांत्रिक मेळावा होता. बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. मॅडमची नोकरी दरवर्षी नव्या कागदावर चालायची. कॉलेजच्या संचालकसाहेबांनी सांगितलं होतं की पाहुण्यांसमोर विमान नीट उडालं तर वर्कशॉपमागची खोली कायमची मॉडेलसाठी मिळेल आणि मॅडम पक्क्या इन्स्ट्रक्टर होतील. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी असं बोललं होतं. मॅडमनी त्या खोलीची मापं घेतली होती. टेबल कुठे, खिडकी कुठे, लाकूड कुठे ठेवायचं, सगळं एका कागदावर काढलं होतं. त्या आठवड्यात त्या आमच्यावर एकदाही ओरडल्या नाहीत. आम्हाला भीती वाटली.

मैदानाच्या कडेला टेबलावर नवं विमान ठेवलं होतं. पांढरं, पंखांची टोकं पिवळी. मॅडमनी दोन बोटांवर तोल बघितला. आम्ही सगळ्यांनी बघितला. नाक किंचित खाली. पूजा झाली, मॅडमनी कुंकू फक्त नाकाला लावू दिलं, हार काढून ठेवला. मग मंचावरून त्यांचं नाव पुकारलं, शाल आणि नारळ देण्यासाठी. मॅडमना जायचं नव्हतं. साहेबांचा माणूस त्यांना घेऊन गेला.

आमच्या कॉलेजात एक रीत आहे. नवीन बस आली, जनरेटर आला, लेथ आला, तर संचालकसाहेब स्वतःच्या हातानं त्याला लिंबू-मिरची बांधतात. साधी नाही. बसला बांधतात तशी, लिंबू, सात मिरच्या आणि खाली घोड्याची लोखंडी नाल. ते टेबलाजवळ आले आणि त्यांनी ती विमानाच्या शेपटीखाली, छोट्या चाकाच्या तारेला बांधली. दोऱ्यानं नाही, तांब्याच्या तारेनं, पीळ देऊन, पोटाशी घट्ट.

टेबलापाशी मी होतो. मी म्हणालो, "सर, मॅडम से पूछ के..."

"अरे बेटा, पहली उड़ान है. शुभ होता है. रहने दे."

ते वळले तसा मी तारेचा पीळ सोडवायला लागलो. त्यांनी मागे पाहिलं. "ये क्या कर रहा है?"

माझे वडील त्या दिवशी सुटी घेऊन आले होते, कारखान्याच्या गणवेशातच, कारण त्यांच्याकडचा तोच चांगला शर्ट. ते पुढे आले, साहेबांना हात जोडले आणि माझा हात धरून बाजूला केला. "साहेब सांगताहेत ना? राहू दे," ते मला म्हणाले. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. वडील हसले. त्यांचं ते हसणं आठवलं की मला अजून राग येतो, आणि वडिलांवर राग आला म्हणून स्वतःवर येतो.

तेवढ्यात घोषणा झाली की पाहुण्यांना निघायचं आहे, विमान लगेच उडवा. मॅडम शाल खांद्यावरच घेऊन धावत आल्या. मी विमान उचलून धावपट्टीवर नेत होतो. शेपटी माझ्या हाताला जड लागली. हे मी स्पष्ट लिहितो. शेपटी जड आहे हे मला कळलं होतं. जमिनीवर ठेवल्यावर शेपटी गवतात गेली आणि खालचं काही दिसेना. मॅडमनी लाटण्यानं पंखा मारला, इंजिन सुरू झालं, एरंडेलाचा धूर आला. माईकवरून साहेब म्हणत होते, "मैडम, जल्दी." मॅडमनी ट्रान्समीटर घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"महाजन, तोल?"

दोन वर्षांत त्यांनी हे कुणालाही विचारलं नव्हतं. निखिलला नाही, कुणालाच नाही. मला विचारलं. मला किती आनंद झाला ते सांगायला लाज वाटते. पाठीमागे साहेब होते, वडील होते, आणि मला मॅडमनी विचारलं होतं.

"हो," मी म्हणालो.

विमान वीस पावलांत वर उठलं. नाक वर गेलं, आणखी वर गेलं, मग ते हवेत थांबलं आणि डाव्या पंखावर कोसळायला लागलं. मॅडमनी सावरलं. परत नाक वर. लोकांना वाटलं कसरत चालली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमचे दोन्ही अंगठे चालत होते. तिसऱ्या वेळी विमान मंडपाकडे वळलं, तिथे पहिल्या रांगेत शाळेची मुलं बसवली होती. मॅडमनी इंजिन बंद केलं, सगळा जोर लावून विमान उजवीकडे ओढलं आणि कंपाउंडच्या भिंतीवर घातलं. मुद्दाम घातलं. हे त्या अंकात नाही.

मी आणि मॅडम धावत गेलो. पंखाचा भुगा झाला होता. लिंबू फुटलंही नव्हतं. मॅडम त्याच्याकडे बघत बसल्या. मग तारेचा पीळ उलगडला आणि ते सगळं एप्रनच्या खिशात टाकलं.

"तोल कधी बघितलास?"

"आधी."

"कशाच्या आधी?"

मी त्यांच्या एप्रनच्या खिशाकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली आणि तुकडे गोळा करायला लागल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी ऑफिसनं त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला. त्यांनी दोन ओळींचा दिला. निखिलनं तो क्लार्कच्या टेबलावर वाचला. 'उड्डाणापूर्वी विमानाचा तोल मी स्वतः तपासला नाही. जबाबदारी माझी आहे.' लिंबू नाही, साहेब नाहीत, मी नाही. कागद नवा झाला नाही. नोकरी संपली.

मी संचालकांच्या केबिनबाहेर दोनदा गेलो. दोन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये होते, आणि दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं. घरी वडिलांना म्हटलं, मी सगळं सांगणार आहे. वडील म्हणाले, "काय सांगणार? त्यांनी बांधलं आणि तू हो म्हणालास, हेच ना? मग आधी तुला काढतील." यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून जास्त चीड आली. मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. सांगितलं मात्र नाहीच.

मला साहेबांचा राग आहे. ते अजून बसला लिंबू बांधतात. पण खरं लिहायचं तर मला मॅडमचाही राग आहे. त्यांनी ते दोन ओळींचं उत्तर का दिलं? नऊ ग्रॅमसाठी माझा पंख मोडणारी बाई शंभर ग्रॅमच्या नालेबद्दल गप्प का बसली? खिशातून काढून टेबलावर आपटायला हवी होती. मला सगळ्यांसमोर मोडायला हवं होतं. त्यांनी मला वाचवलं, आणि ते मी मागितलं नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते देवासच्या बसस्टँडवर. खोली रिकामी करून धारला निघाल्या होत्या. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लांब पंख होता. कंडक्टर म्हणत होता, "माताजी, ये ऊपर कैरियर पे जाएगा."

"ऊपर तू जा," मॅडम म्हणाल्या. "ये मेरे साथ बैठेगा."

"इसका टिकट लगेगा."

"लगाओ. खिड़की वाली सीट दो."

बसमधले लोक हसत होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पंख खिडकीशी उभा केला, स्वतः शेजारी बसल्या आणि एक हात त्याच्यावर ठेवला. मी चहाच्या टपरीमागे उभा होतो. पंधरा पावलं होती. बस निघेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

त्यानंतर दीड वर्ष काही कळलं नाही. धारच्या पत्त्यावर मी दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली. मागच्या महिन्यात निखिलचा फोन आला. त्याला धार जिल्ह्यातल्या मनावर गावात नोकरी लागली आहे. तिथल्या एका मुलींच्या शाळेच्या मैदानावर त्यानं विमानाचा आवाज ऐकला आणि कुंपणाशी जाऊन उभा राहिला. मॅडमच होत्या. पंधरा-वीस मुली गवतात बसल्या होत्या.

"भिया, पहला पीरियड था उनका," निखिल म्हणाला. "आणि माहीत आहे मॅडमनी कशानं सुरुवात केली? स्वतःच्या चुकीनं. म्हणाल्या, मी एकदा दुसऱ्याच्या 'हो'वर विमान उडवलं, ते भिंतीवर आपटलं. लिंबाचं काही नाही, कॉलेजचं नाव नाही. एका मुलीनं विचारलं, मॅडम, हो कौन बोला था?"

मी विचारलं, "मग?"

निखिल म्हणाला, "मॅडम बोलल्या, था एक लड़का. मैंने उसको ठीक से सिखाया नहीं था."